हात गुंतलेले, कान मोकळे



मी डॉक्टर असल्यामुळे समितीला वाटले होते की मी मधुमेहावर किंवा गुडघ्यांवर बोलेन. ‘विणकाम आणि वाचन’ असा विषय मी सांगितला तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग चिटणीसांनी जपून विचारले, “म्हणजे बाई, स्वेटर?” होय, स्वेटर. आणि स्वेटर विणता विणता कानावर पडणारी गोष्ट. या व्यासपीठावर सीमाभागाचा इतिहास, संतवाङ्मय, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय झाले आहेत. माझा विषय घरगुती आहे. पण गेली पस्तीसएक वर्षे दवाखान्यात बसून मी जे पाहते आहे, त्यातून तो आला आहे. नुसती हौस म्हणून निवडलेला नाही.

सुरुवातीलाच एक अडचण सांगून टाकते. आमच्या होमिओपॅथीचे जनक डॉ. सॅम्युएल हानेमान यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ १८१० साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत २६० व्या सूत्राखाली एक लांबलचक तळटीप आहे. जुनाट दुखणेकऱ्याने काय काय टाळावे, याची ती यादी. कॉलेजात आम्ही ती घोकली होती. तिच्यात कॉफी आहे, उग्र मसाले आहेत, अत्तरे आहेत. आणि त्याच यादीत अंगाला लागून घातलेले लोकरीचे कपडे, कोंदट खोलीतली बैठी राहणी, रात्रीची जागरणे आणि आडवे पडून वाचणे हेही आहे. म्हणजे दुलईत शिरून, स्वेटर घालून, रात्री उशिरापर्यंत कादंबरी वाचणाऱ्या माणसाला आमच्या गुरूंनी एकाच तळटिपेत चारदा पकडले आहे!

गुरूंचा मान राखूनच मी आज बोलणार आहे. त्यांचे निम्मे मला पटते. आडवे पडून वाचू नये, मान आणि डोळे दोन्ही दुखतात. जागरण नको, हेही खरे. पण हात गुंतवून, ताठ बसून, चार माणसांत वाचलेले ऐकणे त्या यादीत कुठेच नाही. माझा विषय तिथून सुरू होतो.

आपल्या भाषेत ‘ऊब’ हा फार चांगला शब्द आहे. पांघरुणाला ऊब असते, चुलीला असते, आजीच्या कुशीला असते, आणि घरालाही असते. बेळगावच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या आप्तांकडे कडाक्याची थंडी पडते, तशी आपल्याकडे नाही. पण आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि भर पावसाळ्यात ट्रंकेतले स्वेटर बाहेर निघतात. मुंबई-पुण्याचे पाहुणे हसतात. हसू द्यावे.

लोकर आपल्याला परकी नाही. या पठारावर दख्खनी मेंढी पिढ्यान् पिढ्या आहे. धनगर-कुरुबर घरांतल्या बायका तिच्या काळ्या लोकरीचे सूत काढत, पुरुष मागावर घोंगडी विणत, आणि सुताला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावत. परके आहे ते दोन सुयांचे विणकाम. ते मिशनऱ्यांच्या शाळा आणि लष्करी छावण्या यांच्याबरोबर युरोपीय लोकांकडून आपल्याकडे पसरले. गंमत अशी की मराठीने दोन्हींना एकच क्रियापद दिले. घोंगडीही विणतात आणि मफलरही विणतात. वास्तविक दोन्ही कामे वेगळी आहेत. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत अडकतात. सुयांवर धागा एकच असतो. तो स्वतःच्याच फासात स्वतःला ओवत जातो, सुलट टाका आणि उलट टाका, एवढेच. साबुदाणा वीण घ्या, वेणी घ्या, स्वेटरच्या खालची ताणणारी पट्टी घ्या. त्यात तिसरा टाका नाही. फक्त क्रम आणि जागा बदलते.

धागा एकच असल्यामुळे त्याचा एक मोठा गुण आहे. टोक धरून ओढले की अख्खा स्वेटर पुन्हा गुंडा होतो. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा. उसवलेली लोकर नागमोडी होते, म्हणून तिच्या लडी करून कोमट पाण्यातून काढायच्या, खाली थोडे वजन अडकवून दोरीवर वाळत घालायच्या. मग त्यात एखादा नवा रंग घालून धाकट्याचा स्वेटर. त्या जुन्या लोकरीचा रंग पाहून ‘ही कुणाची?’ हे घरातल्या कोणालाही सांगता येई. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी असा दुसऱ्या जन्माचा स्वेटर घातलेला आहे. मागावरच्या कापडाचे फार तर पायपुसणे होते.

समोर बसलेल्या पुरुष मंडळींना वाटत असेल की हा बायकांचा विषय आहे. युरोपात विणकऱ्यांचे संघ होते ते पुरुषांचे. उमेदवारी करून, परीक्षा देऊन तिथे कारागीर होता येई. नैऋत्य फ्रान्समध्ये लांद नावाचा दलदलीचा प्रदेश होता. तिथले मेंढपाळ पायांना उंच काठ्या बांधून, त्यांवर उभे राहून कळप राखत आणि उभ्या उभ्या विणत. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ साली पायमोजे विणण्याचे यंत्र केले. राणी एलिझाबेथने त्याला हक्कपत्र नाकारले, हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून, असे सांगतात. तेव्हा बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी सुया हातात घ्यायला हरकत नाही. मी आजवर दोघांना शिकवले आहे. दोघांचेही टाके बायकांपेक्षा घट्ट येत, कारण हिशेब चुकू नये म्हणून ते धागा आवळून धरत. तिसऱ्या आठवड्यात बोटे सैल झाली.

आता माझ्या धंद्याकडे येते.

दवाखान्यात साठीपुढची जी माणसे येतात त्यांची तक्रार बहुतेक वेळा एका शब्दात असते, झोप. विचारायला लागले की झोपेआधीची संध्याकाळ पुढे येते. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. घर मोठे, माणसे दोन, कधी एकच. दिवस कसाबसा जातो. देवपूजा, बाजार, थोडी विश्रांती. पण दिवेलागणीपासून झोपेपर्यंतचे चार तास खायला उठतात. दूरदर्शन संच चालू असतो, पण पाहत कुणीच नसते. फोन हातात असतो, बोट वर सरकत असते. डोळे आणि बोट दोन्ही कामात, मन कुठेच नाही. मग दहा वाजता आडवे होतात आणि दोन वाजता टक्क जागे. “डॉक्टरबाई, गोळी वाढवा.”

गोळीबद्दल मी इथे बोलणार नाही. हे व्याख्यान आहे, जाहिरात नव्हे. पण त्या चार तासांचे काय करायचे हा प्रश्न औषधाच्या पेटीत सुटत नाही. तो मी पुष्कळांना विचारला आहे. एक आजी सांगते, नाव आणि गल्ली सोडून देते. वय चौऱ्याहत्तर. यजमान गेल्यावर सहा महिन्यांत वजन सात किलो उतरले होते. सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय-साखर ठीक. मी विचारले, पूर्वी हाताला काय काम असे? म्हणाल्या, “लोकर. नातवंडांचं सगळं मीच केलंय. आता कुणासाठी करू?” मी म्हटले, माझ्याकडे प्रसूतीनंतर बाळे घेऊन बाया येतात, पैकी निम्म्यांकडे धड कुंची नसते. महिन्याला दोन कुंच्या मला द्या. पैसे देणार नाही, लोकर देईन. त्या तेव्हापासून आजतागायत देत आहेत. त्यांची झोप औषधाने आली, लोकरीने आली, की काळ गेल्याने आली, हे मला सांगता येणार नाही. कोणत्याही प्रामाणिक डॉक्टरला सांगता यायचे नाही. एवढे मात्र मी पाहिले की दुसऱ्या महिन्यात त्यांनी आपण होऊन विचारले, “मुलगी झाली का मुलगा? लोकर पिवळीच बरी, दोघांनाही चालते.”

यावर अभ्यासही झाले आहेत. ब्रिटनच्या व्यवसायोपचार तज्ज्ञांच्या मासिकात २०१३ साली जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांचा एक लेख आला. त्यांनी देशोदेशींच्या ३,५४५ विणणाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. जे वारंवार विणतात त्यांनी आपल्याला अधिक शांत आणि आनंदी वाटते असे सांगितले. इथे एक सावधगिरी हवी. ज्यांना विणकाम आवडते त्यांनाच विचारले, तर ते चांगलेच सांगणार. यावरून ‘विणकामाने नैराश्य बरे होते’ असे छापणारी वर्तमानपत्रे मला आवडत नाहीत. ज्याला खरोखर नैराश्याचा आजार आहे त्याला उपचारच हवेत, आणि त्याला सुया हातात देऊन ‘मन रमव’ म्हणणे क्रूर आहे. मी म्हणते ते साध्या, रोजच्या, वयाबरोबर येणाऱ्या रितेपणाबद्दल.

त्या रितेपणावर विणकाम का चालत असावे, याविषयी माझे स्वतःचे मत सांगते. एकाच तालाची हालचाल श्वासाला वळण लावते, हे जपमाळ ओढणाऱ्याला ठाऊक असतेच. पण माळ ओढून झाली की हातात काही उरत नाही, आणि खरे तर उरू नये हाच तिचा हेतू. विणकामात चार बोटे वाढलेले दिसते. काल इथवर होते, आज इथवर आले. ज्या माणसाचे सगळे अहवाल ‘पूर्वीपेक्षा कमी’ असेच येतात, त्याला रोज काहीतरी वाढताना दिसणे ही लहान गोष्ट नाही.

तरीही नुसत्या विणकामाने संध्याकाळ भरत नाही. हात गुंततात, पण मन गुंतत नाही. साध्या विणीत तर मुळीच नाही. मोकळे मन जुनीच उणीदुणी काढत बसते. म्हणून कानाला काहीतरी हवे.

आमच्या जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते. लहानपणी याचा मला राग येई, कारण शेजारची मुले आठ-नऊला गरम गरम जेवत. पण त्यामुळे एक गोष्ट झाली. इतरांची संध्याकाळ स्वयंपाकात जात असे, तेव्हा आमच्या घरातल्या बायका मोकळ्या असत. मग पुराण वाचले जाई. वाचणारा एक, ऐकणारे सात-आठ. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात काही ना काही काम. वाती, निवडायचे तांदूळ, शिवण, सुया. वाचणारा अडखळला की कोपऱ्यातून कुणीतरी पुढचा शब्द सांगे, मान वर न करता.

‘तत्त्वार्थसूत्रा’त अंतरंग तपांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ध्यानाच्या बरोबरीने स्वाध्याय आहे. म्हणजे वाचन हे आमच्याकडे तप आहे. आणि त्या स्वाध्यायाचे पुन्हा पाच भाग आहेत. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. वाचणे, शंका विचारणे, मनात घोळवणे, पुन्हा पुन्हा म्हणून घोटणे आणि दुसऱ्याला सांगणे. माझ्या लक्षात उशिरा आले की यातल्या वाचना, पृच्छना आणि धर्मोपदेश यांना दुसरे माणूस लागते. एकट्याने कोपऱ्यात, तोंड मिटून वाचणे हा वाचनाचा अलीकडचा प्रकार आहे. त्याची निंदा करत नाही, मीही तसेच वाचते. पण वाचन म्हणजे तेवढेच, असे समजल्यामुळे डोळे अधू झाले की वाचन संपले, असे आपण मानून बसतो. मोतीबिंदू झालेली बाई म्हणते, “आता काय वाचायचंय?” वाचू नका, ऐका.

एक शब्दही सांगून टाकते, मला तो फार आवडतो. ‘ग्रंथ’ या शब्दाचा मूळ अर्थ बांधलेले, ओवलेले. ताडपत्रांना भोक पाडून दोरा ओवत, तो ग्रंथ. ‘ग्रंथी’ म्हणजे गाठ, तीही त्याच धातूपासून. आणि आमच्या मुनींचे जुने नाव ‘निर्ग्रंथ’, ज्यांच्या सगळ्या गाठी सुटल्या ते. दिगंबर मुनींच्या अंगावर सूतभरही वस्त्र नसते. त्यांचे नाव घेऊन मी स्वेटरचे कौतुक करते आहे, यातली विसंगती मला कळते. पण आपण गृहस्थ. आपल्या गाठी सुटायला वेळ आहे, तोवर त्या नीट बांधलेल्या बऱ्या. गृहस्थाला परिग्रहाचे परिमाण ठरवायला सांगितले आहे, तेवढे मात्र पाळावे. लोकरीच्या दुकानात गेलेली बाई आणि ग्रंथप्रदर्शनात गेलेला गृहस्थ, दोघेही या बाबतीत सारखेच. घरी चार अर्धवट स्वेटर असताना पाचव्याची लोकर, आणि न वाचलेल्या वीस पुस्तकांवर एकविसावे. माझा नियम साधा आहे. सुयांवर एक, पिशवीत एक. त्याहून जास्त लोकर घरात आली की ती कुणाला तरी देऊन टाकायची.

आता मुख्य मुद्दा. हा ऊबेचा विषय आपल्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या, जिव्हाळ्याचा का आहे?

आपल्या नातवंडांकडे पाहा. घरात मराठी बोलतात, उत्तम बोलतात. शाळेत इंग्रजी, कन्नड आणि हिंदी. हिंदीमुळे देवनागरी अक्षरे येतात. पण मराठी पुस्तक हातात दिले की मूल तिसऱ्या ओळीत थांबते, ‘ळ’पाशी. तोंडाने ते दिवसभर ‘बाळ’, ‘केळं’, ‘आभाळ’ म्हणते, कन्नडमध्येही तो उच्चार आहे. पण हिंदीच्या पुस्तकात ते अक्षर त्याने पाहिलेलेच नसते. असे दोन-चार वेळा अडले की पुस्तक खाली ठेवले जाते आणि आपण म्हणतो, हल्लीची मुले वाचत नाहीत. वडोदऱ्याला, इंदूरला, हैदराबादला माझे नातलग आहेत. तिथेही थोड्याफार फरकाने हेच ऐकते. भाषा तोंडात आहे, कानात आहे, फक्त डोळ्यापर्यंत पोचत नाही. मग तिला कानाच्या वाटेने का नेऊ नये? एका बाजूला वाचायला डोळे नाहीत अशी आजी, दुसऱ्या बाजूला वाचायची सवय नाही असा नातू. दोघे एकाच खोलीत, दोन वेगळ्या पडद्यांकडे पाहत बसलेले. आपल्या ग्रंथालयांची मराठी कपाटे महिनोन् महिने उघडत नाहीत, हे या संस्थेला मी सांगायला नको. ती कपाटे अनुदानाने उघडायची नाहीत. ती उघडली तर मोठ्याने वाचणाऱ्या माणसांमुळे उघडतील, असे माझे ठाम मत आहे.

मोठ्याने वाचायला सगळी पुस्तके चालत नाहीत. आणि विणताना ऐकायला तर त्याहून कमी चालतात. मी माझ्या अनुभवाने सांगते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ याला जणू जन्मजात तयार आहे. तिच्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत, बेचाळीस रात्री. एक रात्र वाचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. गळा दाटून येतो हा एक तोटा. विणणाऱ्याला डोळे पुसावे लागतात आणि टाका सुटतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर वाचायचीच नाहीत, ऐकायची आहेत. त्या बाईंनी लिहिले ते बोलल्यासारखे, आणि नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर त्या ज्या शांतपणे लिहितात त्यावर खोलीतली प्रत्येक बाई हसते. पुरुष जरा उशिरा हसतात. चि. वि. जोशी आपले. म्हणजे वडोदऱ्याचे, पाली भाषेचे प्राध्यापक. महाराष्ट्राबाहेर राहून त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिले. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘चिमणरावांचे चऱ्हाट’, ते तर आपल्या विषयात दोरासकट बसते. रहस्यकथांना नाक मुरडू नये. बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ सुरू केला की कोणी चहा करायलाही उठत नाही.

कवितेचे मात्र जपून. आपल्या बेळगावच्या इंदिरा संत. त्यांच्या एका संग्रहाचे नाव ‘शेला’, नंतरच्या एकाचे ‘गर्भरेशीम’. वस्त्राची एवढी जाण असलेली कवयित्री, पण त्यांची कविता विणता विणता ऐकू नये. ती ऐकताना हात आपोआप थांबतात आणि मग मोजलेले टाके विसरतात. त्यांनी जात्यावरच्या ओव्यांवर ‘मालनगाथा’ केली, ती चालेल. ओव्या हात गुंतलेल्या बायकांच्याच आहेत. दळताना गायचे आणि विणताना ऐकायचे, यात फार अंतर नाही.

कुणी म्हणेल, आता ऑडिओबुके आहेत. आहेत, आणि एकट्या माणसाला ती फार उपयोगी आहेत. मी स्वतः रुग्णांना लावून देते. पण ते यंत्र टाका सुटला म्हणून थांबत नाही. “जरा थांब गं, मोजू दे” म्हटले तर ऐकत नाही. आणि नातू अडखळला तर त्याला ‘ळ’ कोण सांगणार?

डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगणे भाग आहे. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त विणू नये; उठावे, मुठी उघड-मीट कराव्यात, दोन फेऱ्या माराव्यात. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर ‘एवढी ओळ संपवते’ म्हणू नये, तिथेच ठेवावे. संधिवाताच्या बोटांना लोखंडी सुयांपेक्षा बांबूच्या बऱ्या, थंड लागत नाहीत. मोठे काम असेल तर वायरीने जोडलेली गोल सुई घ्यावी, वजन मांडीवर येते, मनगटावर येत नाही. दिवा मागून, खांद्यावरून यावा. चष्म्याचा नंबर विणकामाच्या अंतरावर तपासून घ्यावा, कारण हातातले काम पुस्तकापेक्षा थोडे लांब असते.

आणि हे आज्यांनी विशेष ऐकावे. बाळाचे हातमोजे-पायमोजे विणलेत की ते उलटे करून आतून पाहा. आत धाग्याचे लोंबते टोक राहिले तर ते बाळाच्या बोटाला गुंडाळते, रक्त अडते आणि बोट सुजून निळे पडते. बाळाला सांगता येत नाही, ते नुसते रडते. कारण न कळता रडणाऱ्या बाळाचे मोजे आधी काढून बोटे पाहावीत. धागा किंवा केस रुतलेला दिसला आणि सहज सुटला नाही, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. बाळाच्या टोपड्याला लांब बंदही लावू नयेत. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ते पुष्कळदा अॅक्रिलिक असते. धुवायला सोपे आणि अंगाला कमी खाजते, पण विस्तवाजवळ ते वितळून कातडीला चिकटते. शेगडीपाशी, देवाच्या समईपाशी सांभाळावे. आत मऊ सुती झबले आणि वर लोकरीचे, असे घातले की आमच्या हानेमान साहेबांचीही तक्रार राहत नाही.

शेवटी एक प्रस्ताव आहे. समितीशी बोलून झाले आहे, म्हणून जाहीर करते. पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी साडेचार ते सहा, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बैठक भरेल. वर्गणी नाही, नावनोंदणी नाही. वेळ मुद्दाम लवकरची ठेवली आहे, म्हणजे शाळा सुटलेली मुलेही येतील आणि आमच्यासारख्यांना सूर्यास्तापूर्वी घरीही जाता येईल. ज्यांना विणता येत नाही त्यांनी १० नंबरच्या सुया आणि चार प्लायची लोकर आणावी. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. दुकानदाराने १२ नंबर दिली तर घेऊ नका, कंटाळाल. रंग फिकट घ्या, काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. छप्पन्न टाके घालून नुसते सुलट विणत गेले की वीतभर रुंदीचा मफलर होतो, आणि त्याला लक्ष फारसे लागत नाही. ज्यांना विणायचेच नाही त्यांनी वाती आणाव्यात, शेंगा सोलायला आणाव्यात, किंवा नुसते यावे. नातवंडांना घेऊन यावे. पहिल्या गुरुवारी चिमणराव आहेत. वाचायला मी सुरुवात करीन. माझा घसा बसला की पुढचे पान ज्याचे हात रिकामे असतील त्याने घ्यायचे, मग तो आठ वर्षांचा असो की ऐंशीचा.